विमानात नेण्यासाठी कार सीट कशी निवडायची: सगळं कमरेच्या बेल्टवर अडतं

माझी लेक अकरा महिन्यांची होती तेव्हा आम्ही पहिल्यांदा विमानात तिच्यासाठी वेगळी सीट घेतली. तिकिटाचे पैसे भरले, कार सीट उचलून गेटपर्यंत नेली, आत जाऊन बसवायला घेतली आणि बेल्ट काही लागेना. लांबी कमी पडली असं नाही, बेल्टचा प्रकारच वेगळा होता. आमची सीट गाडीतल्या खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यावर बसायची, तो पट्टा सीटच्या पाठीमागून फिरवून घ्यायचा असतो, आणि विमानात खांद्याचा पट्टा नसतोच, फक्त कमरेचा असतो. क्रूमधल्या ताईंनी दोनदा प्रयत्न करून बघितला, शेवटी सीट सामानात गेली आणि लेक माझ्या मांडीवर आली. उतरताना विमान हलायला लागलं तेव्हा मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, पुढची दहा मिनिटं मला अजून आठवतात.

म्हणून हा लेख. कार सीट घेताना दुकानात किंवा ऑनलाईन सगळे कापड, रंग, कप होल्डर, आयसोफिक्स (गाडीच्या सीटला थेट अडकणारे हुक) बघतात, पण तीच सीट विमानात न्यायची असेल तर पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही सीट नुसत्या कमरेच्या बेल्टवर बसते का? बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

मांडीवर चालत असताना वेगळी सीट कशाला

बहुतेक एअरलाईन्स दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर बसवून नेऊ देतात, आणि त्याचं तिकीट खूप स्वस्त असतं किंवा नसतंच. त्यामुळे घरचे म्हणतात की कशाला पैसे घालवायचे, आपण धरून बसू की. आता धरून बसण्याचा हिशोब बघा. विमानातल्या जुन्या पद्धतीच्या सीट्ससुद्धा नऊ जी, म्हणजे वजनाच्या नऊ पट, इतका झटका सहन करतील अशा बनवलेल्या असतात, नव्या सीट्सची चाचणी सोळा जी ला होते. नऊ जी म्हणजे दहा किलोचं बाळ त्या क्षणी नव्वद किलोच्या ओढीने पुढे जाणार. नव्वद किलो कुणाच्याच हातात राहत नाही, आईच्या पण नाही आणि बाबाच्या पण नाही. आणि हे फक्त अपघाताचं झालं, जोरदार टर्ब्युलन्समध्ये तर विमान अचानक खाली जातं, ज्यांचे बेल्ट लागलेले नसतात ती मोठी माणसंसुद्धा छताला आपटतात.

१९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचं २३२ नंबरचं विमान कोसळलं. त्या विमानात चार लहान मुलं अशी होती की त्यांना स्वतःची सीट नव्हती. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे आईवडिलांना सांगितलं गेलं की बाळाला पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. त्या चारातलं एक मूल गेलं. ती सूचना ज्यांनी दिली त्या मुख्य फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राउन यांनी पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि पट्टा मिळावा म्हणून पाठपुरावा केला. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेनेही तेच सांगितलं. तरी अमेरिकेच्या विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या एफएए ने ते सक्तीचं केलेलं नाही, त्यांचं म्हणणं असं की बाळाचं तिकीट सक्तीचं केलं तर काही कुटुंबं विमान सोडून गाडीने जातील आणि रस्त्यावर धोका जास्त आहे. म्हणजे सक्ती नाही, पण शिफारस मात्र स्पष्ट आहे, बाळाला त्याच्या मापाच्या सीटमध्ये बांधून न्या.

एक गोष्ट कधीच करू नका, स्वतःच्या बेल्टच्या आत बाळाला घेऊ नका. झटका बसला की तुमचं अख्खं अंग बाळावर दाबलं जातं. काही देशांच्या एअरलाईन्स तुमच्या बेल्टला अडकवायचा छोटा जोडपट्टा देतात, अमेरिकन एअरलाईन्सवर तो चालत नाही, आणि जिथे चालतो तिथेही मी त्याला कार सीटच्या बरोबरीचं मानत नाही.

पायरी १: आधी तिकीट, मग सीट

कार सीट न्यायची तर बाळाच्या नावाचं तिकीट हवं. शेजारची जागा रिकामी असेल तर बसवू, या भरवशावर राहू नका, विमान भरलं की संपलं. तिकीट काढतानाच एअरलाईनला कळवा की कार सीट आणतोय, आणि सीटचं मॉडेल लेखी सांगून होकार मागा, तो मेल फोनमध्ये ठेवा. अमेरिकन एअरलाईन्सचा नियम असा आहे की मुलाचं तिकीट आहे आणि सीटवर मान्यतेचं लेबल आहे तर ती वापरायला नाही म्हणता येत नाही, आणि एका जागेवर ती मावली नाही तर त्याच क्लासमध्ये दुसरी मावणारी जागा असेल तिथे बसवू द्यायला लागते. बाकी ठिकाणी प्रत्येक एअरलाईनचं वेगळं असतं, म्हणून लेखी होकार.

अजून एक बारीक गोष्ट, जाताना बाळ तेवीस महिन्यांचं आणि परतीच्या आधी वाढदिवस असेल तर परतीला स्वतःची सीट घ्यायलाच लागते. मग दोन्हीकडे घेऊन टाका.

पायरी २: लेबल शोधा, कुणाच्या शब्दावर जाऊ नका

अमेरिकन सीट असेल तर बाजूला किंवा खालच्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, धिस रिस्ट्रेंट इज सर्टिफाइड फॉर यूज इन मोटर व्हेईकल्स अँड एअरक्राफ्ट. हे वाक्य असलं की झालं. काही सीट्स, मुख्यतः बूस्टर (मोठ्या मुलाला उंच बसवणारी सीट), यांच्यावर याच्या उलट वाक्य असतं की विमानासाठी नाही. ते वाक्य पण नीट वाचा, घाईत दोन्ही सारखीच दिसतात.

युरोपातल्या सीट्सवर नारिंगी किंवा पांढरा ई-मार्क असतो, त्यावर आर४४ किंवा आर१२९ या मानकाचं नाव असतं, पण हा गाडीसाठीचा झाला. विमानासाठी जर्मनीच्या ट्यूव्ह या तपासणी संस्थेचं वेगळं प्रमाणपत्र असतं, त्यावर फॉर यूज इन एअरक्राफ्ट असं लिहिलेलं असतं. बऱ्याच एअरलाईन्स हाच कागद मागतात. लेबलचा स्वच्छ फोटो काढून फोनमध्ये ठेवा, कारण सीट एकदा बसवली की स्टिकर खाली दबतो आणि नेमकं तेव्हाच क्रू विचारतात.

सीट जिथे उतरणार तिथल्या गाडीतही वापरायची आहे का हे आत्ताच ठरवा. अमेरिकेत तिथल्या मानकाची सीट लागते, युरोपात ई-मार्क लागतो, ऑस्ट्रेलियाचं मानक अजून वेगळं. विमानात चालली म्हणून उतरल्यावर गाडीत कायदेशीर असेलच असं नाही. फार मोठ्या मुक्कामासाठी जात असाल तर तिथे पोचल्यावर तिथली सीट घेणं आणि विमानापुरती वेगळी सोय करणं जास्त सोपं पडतं.

पायरी ३: कमरेचा बेल्ट

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा थांबून सांगते.

विमानात आयसोफिक्सचे हुक नसतात. वरून बांधायचा टॉप टेदर लावायला जागा नसते. ज्या सीट्सना पुढे जमिनीला टेकणारा सपोर्ट लेग लागतोच त्यांना तिथे मान्यता नसते. म्हणजे आजकालच्या ज्या महाग, छान, एका क्लिकमध्ये बसणाऱ्या सीट्स आहेत त्यातल्या कितीतरी विमानात बसतच नाहीत. नुसत्या आयसोफिक्सवर बसणारी सीट असेल तर विषय तिथेच संपला.

छोट्या बाळांची जी बकेट सीट असते, हँडलवाली, ती घेताना दोन गोष्टी बघा. एक, तिचा बेस (गाडीत बसवून ठेवायचा खालचा भाग) न लावता ती बसते का, कारण बेस घरीच राहणार. आणि दुसरं, बेसशिवाय बसवताना पट्टा फक्त बाळाच्या पायांच्या वरून जातो, की खांद्याचा पट्टा पाठीमागून फिरवायला लागतो. पायांवरून जाणारा मार्ग असेल तर विमानात चालेल. युरोपातल्या बऱ्याच बकेट सीट्सना पाठीमागचा पट्टा लागतोच, आमचीही तसलीच होती. चाकं असलेल्या, स्ट्रॉलर होणाऱ्या सीटच्या बाबतीतही नावावर जाऊ नका, एकच मॉडेल वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळं बनतं, तुमच्या हातातल्या सीटचं मॅन्युअल वाचा. त्यात विमानात बसवण्याचं वेगळं पान असतं, ते पानच नसेल तर मी ती सीट घेणार नाही.

बूस्टर, पाठीचा असो की बिनपाठीचा, टेकऑफ आणि लँडिंगला चालत नाही. बूस्टरचं सगळं कामच खांद्याचा पट्टा नीट बसवण्याचं आहे आणि तो पट्टाच तिथे नाही. सामानात न्यायला हरकत नाही.

पायरी ४: टेप घेऊन मोजा

एफएए चं सांगणं असं की सोळा इंचापेक्षा जास्त रुंद सीट विमानात बहुतेक बसत नाही. इकॉनॉमीतली जागा साधारण सतरा ते अठरा इंच असते, बोईंग ७३७ मध्ये सतराच्या आसपास आणि एअरबस ए३२० मध्ये थोडी जास्त. मोजताना सीटचा सगळ्यात रुंद भाग मोजा, तो बऱ्याचदा कप होल्डरपाशी असतो, आणि काही कप होल्डर निघतात. बेल्टचा भाग जिथून जातो तिथली रुंदी महत्त्वाची, वरचा डोक्याचा भाग आर्मरेस्टच्या वर असेल तर तो थोडा जास्त असला तरी चालतो. २०१५ पासून अमेरिकन एअरलाईन्सना त्यांच्या विमानातल्या सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात रुंद सीटचं माप वेबसाईटवर द्यायला लागतं, ते शोधून बघा.

वजनही बघा. कन्व्हर्टिबल, म्हणजे मागे आणि पुढे दोन्हीकडे तोंड करून बसवता येणाऱ्या सीट्स चार-साडेचार किलोपासून बारा-तेरा किलोपर्यंत असतात. एका हातात बाळ, खांद्यावर बॅग आणि बारा किलोची सीट घेऊन विमानाच्या अरुंद वाटेतून जायचं म्हणजे काय हे एकदा केलं की कळतं. प्रवासासाठी वेगळी हलकी, साधी कन्व्हर्टिबल सीट घेऊन ठेवणं हा माझ्या मते सगळ्यात शहाणा मार्ग आहे, आणि साधी म्हणजे कमी सुरक्षित असं अजिबात नाही, चाचणी सगळ्यांची तीच असते.

पायरी ५: बाळाच्या मापाप्रमाणे

ढोबळ हिशोब असा आहे. नऊ किलोपर्यंत मागे तोंड करून, म्हणजे रिअर फेसिंग. नऊ ते अठरा किलोपर्यंत हार्नेस, म्हणजे सीटचे स्वतःचे पट्टे, असलेली पुढे तोंडाची सीट. अठराच्या पुढे विमानाचा बेल्ट पुरतो. पण शेवटचा शब्द तुमच्या सीटच्या मॅन्युअलचा, त्यात दिलेल्या वजनाच्या आणि उंचीच्या खाली-वर जाऊ नका. जागा अडचणीची आहे म्हणून सात किलोच्या बाळाला पुढे तोंड करून बसवलं, असं करू नका.

केअर्स नावाचा एक पट्ट्यांचा हार्नेस मिळतो, तो विमानाच्या सीटच्या पाठीला गुंडाळायचा असतो आणि त्यातून दोन पट्टे मुलाच्या खांद्यांवरून येतात. वजनाला अर्धा किलोच्या आसपास, पर्समध्ये मावतो. तो दहा ते वीस किलोच्या आणि साधारण शंभर सेंटीमीटरपर्यंतच्या मुलांसाठी आहे, जे स्वतः नीट ताठ बसतात. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही तो वापरला आणि माझे खांदे सुटले. फक्त दोन अडचणी, एक तर तो गाडीत चालत नाही, आणि दुसरं म्हणजे मूल झोपलं की खाली घसरतं, मग परत परत वर ओढायला लागतं. बिझनेस क्लासच्या कवचासारख्या सीट्सना तो गुंडाळता येत नाही.

बेसिनेट, म्हणजे विमानात मिळणारा बाळाचा छोटा पाळणा, मिळतंय म्हणून कार सीट टाळू नका. बेसिनेट फक्त विमान वर स्थिर झाल्यावर मिळतं, टेकऑफ-लँडिंगला बाळ बाहेरच काढायला लागतं आणि टर्ब्युलन्सला बहुतेक एअरलाईन्स काढायला सांगतात, म्हणजे ज्या वेळी गरज तेव्हाच ते नाही.

जुनी सीट कुणाकडून घेत असाल तर तारीख बघा, प्लास्टिकवर ठसा असतो, साधारण सहा ते दहा वर्षांची मुदत असते. अपघातातून गेलेली सीट घेऊ नका, नुसती वरून चांगली दिसते म्हणून नको.

पायरी ६: घरी तालीम

प्रवासाच्या आठवडाभर आधी सीट डायनिंगच्या खुर्चीवर ठेवा आणि बॅग बांधायचा कुठलाही रुंद पट्टा घेऊन तिच्या बेल्टच्या मार्गातून ओवून बघा. रिअर फेसिंगचा मार्ग वेगळा आणि पुढे तोंडाचा वेगळा असतो, तुम्हाला जो लागणार त्याच्या तोंडाशी रंगीत टेप चिकटवा. विमानात मागे लोक खोळंबलेले असताना मॅन्युअल उघडायची वेळ येऊ नये. हार्नेसची उंची पण घरीच लावा, मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या बरोबर किंवा थोडे खाली, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या बरोबर किंवा थोडे वर.

पायरी ७: कुठली जागा

खिडकीची. इतर कुणाची बाहेर पडायची वाट अडवायची नसते हा त्यामागचा नियम. मोठ्या विमानात मधल्या रांगेतली मधली सीट पण चालते. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत नाही, आणि त्याच्या लगेच पुढच्या-मागच्या रांगेत पण नाही. अगदी पुढची रांग पाय पसरायला बरी वाटते पण तिथे ट्रे आर्मरेस्टमध्ये असतो, आर्मरेस्ट वर होत नाही आणि जागा अरुंद होते. आणि जिथे बेल्टमध्ये एअरबॅग असते, तो बेल्ट जाडजूड दिसतो, तिथे कार सीट लावायची नाही, दुसरी जागा मागा.

रिअर फेसिंग असेल तर पुढच्या माणसाची सीट मागे झुकत नाही. दोघं प्रवास करत असाल तर एकाने बाळाच्या बरोबर पुढच्या सीटवर बसावं, कुणाशी वाद नाही आणि कुणाला त्रास नाही. परका माणूस असेल तर बसल्या बसल्या आधीच सांगा, लोक समजून घेतात.

पायरी ८: प्रत्यक्ष बसवताना

लवकर बोर्डिंगची घोषणा होते तेव्हा एकाने सीट घेऊन आधी आत जावं, दुसऱ्याने बाळाला बाहेर शेवटपर्यंत पळू द्यावं.

विमानाचा बेल्ट पूर्ण सैल करा, आर्मरेस्ट वर करा, मार्गातून बेल्ट ओवा, बकल लावा. आता सीटवर गुडघ्याने जोर देऊन बेल्टचं मोकळं टोक ओढा, जितकं ओढता येईल तितकं. मग जिथून बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवून बघा, एक इंचापेक्षा जास्त सरकली नाही म्हणजे झालं. डोक्याकडचा भाग थोडा डोलतो, त्याची काळजी नको.

बकलचं सांगायचं राहिलं. गाडीच्या बकलला लाल बटण असतं, विमानाच्या बकलला वर उचलायची पट्टी असते. बेल्ट घट्ट ओढला की हे बकल नेमकं सीटच्या प्लास्टिकच्या कडेखाली जाऊन बसतं आणि पट्टी उचलायला जागाच उरत नाही. आमचं एकदा असं झालं, सगळं विमान रिकामं झालं आणि आम्ही दोघं नखांनी ती पट्टी उचलतोय, लेक रडतेय. म्हणून लावतानाच बकल उलटं करा, पट्टी बाहेरच्या बाजूला उघडेल असं, आणि ओढायच्या आधी एकदा उघडून बघा. पुढे तोंडाच्या सीटमध्ये बकल मुलाच्या पाठीत येतं, तेव्हा क्रूकडे बेल्ट एक्स्टेन्डर (बेल्टची लांबी वाढवणारा तुकडा) मागा, त्याने बकल बाजूला सरकतं. अडकलंच तर सीट जोरात खाली दाबून बेल्ट ढिला करा, मग पट्टी उचला.

बाळाला बसवताना जाड जॅकेट काढा, पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरता येणार नाही इतका घट्ट करा, वरून पांघरूण घाला. टेकऑफ-लँडिंगला आणि बेल्टचा दिवा लागलेला असताना बाळ सीटमध्येच, रडलं तरी. कान दुखतात म्हणून रडत असेल तर तिथेच बाटली किंवा चोखणी द्या, काहीतरी चोखलं की कान मोकळे होतात. दिवा विझला की काढा, फिरवा. अगदी छोट्या बाळाची मान पुढे पडत नाही ना हे मधून मधून बघत राहा.

पायरी ९: सामानात द्यायची वेळ आली तर

कधी कधी इलाज नसतो. मग चेक-इनला देण्यापेक्षा गेटवर द्या, हाताळणी कमी होते. जाड बॅगेत घाला, मूळ खोकं असेल तर सगळ्यात चांगलं. मिळाल्यावर तिथेच उघडून बघा, प्लास्टिकला तडा, आतला फोम दबलेला, हार्नेस ओढल्यावर अडकतोय, बकलचा टक् असा आवाज येत नाहीये, यातलं काहीही दिसलं तर विमानतळ सोडायच्या आधी तक्रार लिहून द्या, फोटो काढा, आणि त्या सीटमध्ये बाळाला बसवू नका.

सीट विमानातून तुमच्याबरोबरच उतरली असेल तर एक्स्टेन्डर क्रूला परत द्या, आणि गाडीत लावताना लक्षात ठेवा की आता खांद्याचा पट्टा आहे, टेदर आहे, आयसोफिक्स असेल, तेव्हा मॅन्युअलमधलं गाडीचं पान उघडून सीट पहिल्यापासून बसवा. विमानात पुढे तोंड करून बसलेलं मूल गाडीत रोज मागे तोंड करून बसत असेल तर इथेही मागेच, आणि हार्नेसचे पट्टे परत खाली घ्यायला विसरू नका.